स्थलनामांच्या संकेतस्थळासाठी साधनाची निवड

स्थलनामांचे क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकापुढे एक व्यावहारिक प्रश्न लवकरच उभा राहतो. जमवलेली सामग्री ठेवायची कोठे? मावळ तालुक्याचेच उदाहरण घेऊ. पवन मावळ, आंदर मावळ आणि नाणे मावळ या खोऱ्यांत गावांच्या नावांखेरीज शेतांची, ओढ्यांची, खिंडींची आणि देवराईंची असंख्य नावे आहेत. त्यांपैकी बहुतेक नावे कोणत्याही नकाशावर सापडत नाहीत. पवना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या शिवारांची नावे तर आता वृद्धांच्या स्मरणातच उरली आहेत. ती सर्वांना पाहता यावीत यासाठी संकेतस्थळ हे सोयीचे माध्यम आहे. मात्र संकेतस्थळ ज्या साधनाने रचायचे, त्याची निवड विचारपूर्वक करावी लागते.

संकेतस्थळे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात मजकूर एका विदागारात साठवलेला असतो आणि वाचकाने मागणी करताच सर्व्हर त्या वेळी पान तयार करून देतो. दुसऱ्या प्रकारात सर्व पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात. भोजनालयातील ताट मागणीनंतर वाढले जाते; लोणावळ्याची चिक्की मात्र आधीच करून, पुड्यात बांधून ठेवलेली असते. दुसरा प्रकार हा चिक्कीसारखा. त्याला ‘स्टॅटिक’ म्हणजे स्थिर संकेतस्थळ म्हणतात, आणि साध्या मजकुराच्या फायलींपासून अशी पाने रचणाऱ्या प्रणालीला ‘स्टॅटिक साइट जनरेटर’. ही पाने वजनाने हलकी ठेवता येतात. खोऱ्यात, ऐन पावसाळ्यात, मोबाइलची रेंज जेमतेम असतानाही ती उघडण्याची शक्यता अधिक.

स्थिर प्रकाराकडे मी वळलो तो एका नुकसानीनंतर. काही वर्षांपूर्वी आम्ही बोलीतील शब्दांची यादी विदागारावर आधारलेल्या संकेतस्थळावर ठेवली होती. सर्व्हर बदलताना देवनागरीच्या सांकेतिकीकरणाकडे आमचे दुर्लक्ष झाले आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटले. मूळ अक्षरे परत मिळवण्याचा मार्ग नव्हता. हस्तलिखित वह्या होत्या म्हणून यादी वाचली.

यावरून निवडीची पहिली कसोटी ठरते: साधन नाहीसे झाले तरी मजकूर शाबूत राहिला पाहिजे. स्थिर पद्धतीत प्रत्येक नोंद ही युनिकोडमधील एक साधी फाइल असते. तिच्या आरंभी नाव, गाव, नोंदीची तारीख इत्यादी तपशील असतात आणि खाली विवेचन. विवेचनासाठी बहुधा ‘मार्कडाउन’ ही जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेली चिन्हपद्धती वापरतात. अशी फाइल कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या संपादकात वाचता येते. (माहिती देणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीवाचून या फायलीत लिहू नये, संकेतस्थळ जगजाहीर असते.)

प्रचलित साधनांपैकी तीन येथे विचारात घेऊ. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये आणलेले ‘जेकिल’ रूबी या संगणकभाषेवर चालते. ‘गिटहब पेजेस’ या सेवेत ते अंगभूत असल्याने पाने तेथेच तयार होऊन प्रकाशित होतात. मात्र स्वतःच्या संगणकावर रूबीची मांडणी करताना नवशिक्याची दमछाक होते. ‘इलेव्हन्टी’ जावास्क्रिप्टवर आधारलेले व फार लवचिक आहे. ती भाषा येत असेल तरच त्याचा खरा उपयोग. ‘ह्यूगो’ हे स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ मध्ये सुरू केले. ते एकाच फायलीच्या रूपात मिळते. त्याच्या नव्या आवृत्त्या वारंवार येतात आणि जुन्या मांडणीशी कधी कधी जुळत नाहीत, हा दोष खरा. पण ज्या आवृत्तीने संकेतस्थळ रचले तीच फाइल सामग्रीसोबत जपून ठेवता येते.

पाने किती सेकंदांत तयार होतात, यावर या साधनांची तुलना नेहमी केली जाते. पाच-सहाशे नोंदींच्या संग्रहाला तो प्रश्न गौण आहे. मराठीच्या अभ्यासकाने वर्णक्रम पाहावा. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो. मराठी कोशपरंपरेत तो ‘ह’नंतर येतो. म्हणून केवळ सांकेतिक क्रमाने लावलेल्या सूचीत ‘मळवली’ आधी आणि ‘महागाव’ नंतर येईल. कोशात नेमके उलट. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचीही हीच गत. जेकिलची नेहमीची क्रमवारी सांकेतिक आहे. इलेव्हन्टीत थोडे प्रोग्रॅमिंग करून भाषेनुसार क्रम लावता येतो. ह्यूगोमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी अशी नोंदवल्यास शीर्षके लावताना ती विचारात घेतली जाते. तरीही आधी दहा नोंदींवर चाचणी घ्यावी. क्रम चुकलाच, तर प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक देण्याची सोय आहे.

दुसरी अडचण ‘ऱ’ची. ‘दऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ला हलन्त लावून टंकता येतो, तसाच ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु शोधयंत्रणेला ती सहसा वेगळी वाटतात. हे कोणतेही साधन आपणहून दुरुस्त करणार नाही; संकलकांनी एकच पद्धत आधी ठरवावी. पानाचा पत्ताही रोमन लिपीत स्वतः नेमून द्यावा. ‘मळवली’ हे नाव देवनागरीतच ठेवले, तर पत्त्याची नक्कल करताना त्याची बहुधा पंचेचाळीस चिन्हांची अगम्य मालिका होते.

एकंदरीत, प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या मराठीच्या विद्यार्थ्यास मी ह्यूगो सुचवेन. जेकिलची बाजू तेव्हाच वरचढ ठरते, जेव्हा स्वतःच्या संगणकावर काहीच बसवणे शक्य नसते. उपाहारगृहात किंवा दुकानात नोकरी करून शिकणारे, सायबर कॅफेतून काम करणारे विद्यार्थी आपल्या अभ्यासकेंद्रांत असतात; त्यांना ब्राउझरमधूनच फाइल लिहिण्याची जेकिल-गिटहबची वाट सोयीची पडेल.

सरावासाठी : आपल्या गावच्या शिवारातील दहा स्थलनामे निवडा. त्यांत ‘ळ’, ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ असलेली किमान दोन व ‘ऱ’ असलेले किमान एक नाव असावे. प्रथम ती कोशक्रमाने हाताने लिहा. नंतर प्रत्येक नावाची स्वतंत्र फाइल करून निवडलेल्या साधनाने सूची तयार करा आणि दोन्ही क्रमांतील फरक नोंदवा.