वजन पार्सलचं, भाव हवेचा

दिवाळीच्या फराळात कुरियरला सगळ्यात महाग पडणारा पदार्थ कोणता? काजूकतली नाही, अनारसाही नाही. चिवडा!

कुरियरवाले खोक्याचं वजन दोनदा करतात, एकदा काट्यावर आणि एकदा टेपने. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुधा ५०००ने भागायचं. आलेलं उत्तर म्हणजे किलो. काट्याचं आणि टेपचं यांतलं जे वजन जास्त, त्याचे पैसे. ४० बाय ३० बाय ३०चा खोका घ्या. गुणाकार ३६,०००, भागाकार ७.२. आत तीन किलोच माल असला तरी बिल सात किलोंहून जास्तीचं. तोच माल ३० बाय २५ बाय २०च्या खोक्यात बसवला, तर हिशेब बरोबर तीन किलोवर येतो.

यात लबाडी नाही. विमानाचं पोट पुष्कळदा वजनाच्या आधी जागेने भरतं, म्हणून जागेचा भाव लावावा लागतो. पाच लिटर जागेला एक किलो हा त्या सूत्राचा अर्थ. बेसनाचा लाडू घट्ट असतो, तो काट्यावरच तोलला जातो. पातळ पोह्यांचा चिवडा मात्र मुळातच हवेशीर, आणि तो दाबून भरावा तर चुरा होतो. म्हणून खोक्यातल्या फटींमध्ये वर्तमानपत्राचे बोळे न कोंबता शंकरपाळ्यांच्या छोट्या पुड्या बसवाव्यात. जागेचे पैसे भरायचेच आहेत, तर तिथे खायचं काहीतरी जाऊ द्या. आणि काउंटरवर भाव विचारताना एवढं जरूर विचारा, ‘हा दर काट्याच्या वजनाचा की मापाच्या?’

सातारा आणि इटानगर, एकाच भावात

१ ऑक्टोबर २०२५पासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावातल्या गावात १९ रुपये, गावाबाहेर ४७ रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हातातून जातात अनुक्रमे २२ रुपये ४२ पैसे आणि ५५ रुपये ४६ पैसे. गंमत अशी, की पुण्याहून साताऱ्याला ४७ आणि पुण्याहून इटानगरलाही ४७! पाकीट जड झालं की अंतर मोजलं जातं, पण अगदी हलक्या हाताने. पाव ते अर्ध्या किलोचं पाकीट दोनशे किलोमीटरच्या आत ७० रुपये आणि दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे ९३ रुपये. अख्खा देश ओलांडायचे जास्तीचे फक्त २३ रुपये. मला हा आकडा फार आवडतो. साताऱ्याचं पाकीट थोडं जास्त भरतं, म्हणून इटानगरचं परवडतं.

हे नेहमी असंच नव्हतं. १८३७च्या कायद्याखाली मुंबई–कलकत्ता पत्राला तोळ्यामागे एक रुपया पडे. त्या काळचा एक रुपया! १८५४मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत अंतराचा हिशेब पुसला गेला आणि हलकं पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठेही जाऊ लागलं. १८७९मध्ये पोस्टकार्ड आलं ते पाव आण्यात.

मग कुरियर स्वस्त कुठे? मोठ्या शहरांच्या दरम्यान. मुंबई–पुणे, मुंबई–नाशिक अशा भरल्या मार्गांवर गाड्या रोज जातातच. तिथे गल्लीतला कुरियरवाला पाकिटाला पोस्टापेक्षा कमीही सांगू शकतो, संध्याकाळी उशिरापर्यंत घेतो आणि नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी भाव उतरवतो. पोस्टाच्या खिडकीवर घासाघीस चालत नाही. पण पत्ता आडगावचा निघाला की कुरियरचं गणित फिरतं. जादा आकार लागतो, नाहीतर ‘तिथे आमची सर्व्हिस नाही’ असं उत्तर येतं. देशात टपाल कचेऱ्या दीड लाखाहून जास्त आहेत आणि त्यांतल्या दहापैकी नऊ खेड्यांत आहेत, याची किंमत अशा वेळी कळते.

आणि कुरियरवालाही भाव सांगण्याआधी पहिला प्रश्न कोणता विचारतो? ‘पिनकोड?’ टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ला सुरू केलेला हा सहा आकडी क्रमांक श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाला. ते संस्कृत कवीही होते. आज प्रत्येक खाजगी कंपनीचं दरपत्रक त्यांच्या आकड्यांवर उभं आहे.

विटा पोस्टाने

दरांची तुलना करून मिळवलेला सर्वांत मोठा विजय अमेरिकेतला आहे. तिथे १ जानेवारी १९१३ला पार्सल पोस्ट सुरू झालं आणि लोकांनी दरपत्रक बारकाईने वाचलं. ओहायोमधल्या एका जोडप्याने आपलं तान्हं बाळ १५ सेंटच्या तिकिटांवर पोस्टमनच्या हाती आजीकडे धाडलं. वर ५० डॉलरचा विमाही उतरवला!

पण खरी कमाल १९१६मधली. युटा राज्यातल्या व्हर्नल या आडबाजूच्या गावात बँकेची इमारत बांधायची होती आणि चांगल्या विटा सॉल्ट लेक सिटीत मिळत. दोन्ही गावांतलं सरळ अंतर सव्वाशे मैलांच्या आसपास, प्रत्यक्ष वाट मात्र आगगाडी, मग अरुंद रूळ, मग घोडागाड्या अशी कितीतरी लांब. मालवाहतूकदार या खऱ्या वाटेचे पैसे मागत. पोस्ट मात्र नकाशावरच्या अंतराचा दर लावत होतं. झालं! पन्नास पौंडांच्या आतली पार्सलं बांधून हजारो विटा टपालाने निघाल्या. वाटेवरच्या टपाल कचेऱ्या विटांनी भरून गेल्या आणि शेवटी एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिवसाला दोनशे पौंडांपेक्षा जास्त माल पाठवू नये, असा नियम करावा लागला. इमारत बांधून झाली आणि बँक तिथे सुरूही झाली.

‘पत्र’ नव्हे, ‘डॉक्युमेंट’

१८९८च्या टपाल कायद्याने पत्रं वाहून नेण्याचा हक्क एकट्या सरकारकडे होता. त्यामुळे कुरियरच्या पावतीवर वर्षानुवर्षं ‘डॉक्युमेंट’ हाच शब्द दिसत आला. टपाल कायदा २०२३ हा १८ जून २०२४पासून लागू झाला आणि तो एकाधिकार संपला. आजच्या काळातली वाटणारी आणखी एक गोष्ट खरं तर पोस्टाची जुनी आहे. घरपोच वस्तू देऊन तिथेच पैसे घेण्याची पद्धत ऑनलाइन खरेदीने आणलेली नाही. पोस्टाची व्हीपी (व्हॅल्यू पेएबल) १८७७पासून तेच करते.

रजिस्टर गेलं, पाच रुपये आले

२०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. एक फरक इथे ध्यानात ठेवायला हवा. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावरच्या कुणाच्याही हाती पडू शकतं. नोटीस किंवा मूळ कागदपत्रं त्याच व्यक्तीच्या किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाच्याच हाती पडायला हवी असतील, तर पाच रुपये जादा देऊन नोंदणी मागावी लागते. ५० ग्रॅमचं पाकीट मग करासकट ६१ रुपये ३६ पैशांना पडतं. पाच रुपयांत ओटीपी दाखवून ताबा देण्याची सोयही आहे. विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टात दहा टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते.

पुस्तकांचा भाव

डिसेंबर २०२४मध्ये रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झालं तेव्हा छोटे प्रकाशक हवालदिल झाले, कारण पुस्तकाच्या किमतीशी टपालखर्च स्पर्धा करू लागला होता. १ मे २०२५ला ‘ज्ञान पोस्ट’ आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १०० रुपये, कर वेगळा आणि माग काढायची सोय त्यातच. पाच किलो म्हणजे चांगली वीसएक पुस्तकं! गावच्या वाचनालयाला भेट पाठवायची तर यापेक्षा स्वस्त वाट मला तरी ठाऊक नाही. नियतकालिकं मात्र या सवलतीत बसत नाहीत. ती बसायला हवीत. दिवाळी अंकांच्या महाराष्ट्राने हे ठासून मागितलं पाहिजे.

सातासमुद्रापार

अमेरिकेत मुलं असलेल्या घरांना २०२५ची दिवाळी लक्षात राहील. तिथल्या सरकारने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी काढून घेतली आणि भारतीय टपाल खात्याने ऑगस्टअखेर तिकडची पार्सलं थांबवली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या जेमतेम आठवडाभर आधी. परदेशी पार्सलाच्या भावात आता वजन आणि माप यांच्याबरोबर तिसरी गोष्टही आली आहे, जाहीर केलेली किंमत. शुल्क त्यावर ठरतं, म्हणून डब्यातल्या वस्तूंची यादी आणि किंमत खरी आणि तपशीलवार लिहावी.

आणि या सगळ्या दरपत्रकातला सर्वांत छोटा आकडा? शून्य. अंध वाचकांसाठीचं ब्रेल साहित्य साध्या टपालाने सात किलोपर्यंत देशात कुठेही फुकट जातं. ब्रेल पुस्तकं जाडजूड असतात, कुरियरच्या टेपखाली तर फारच. तुमच्या ओळखीत कुणी अशी पुस्तकं मागवत किंवा पाठवत असेल, तर पाकीट तपासता येईल असं बांधून आणि त्यावर ‘अंधांसाठी साहित्य’ असं ठळक लिहून पोस्टाच्या खिडकीवर द्यायला सांगा.