गुंतवणूकदारांपुढे जाताना (भाग ९) : मागणीचे पान

गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणाच्या, म्हणजे डेकच्या, शेवटाकडे एक पान मागणीचे असते. त्यावर रक्कम असते आणि तिच्या बदल्यात द्यायचा हिस्सा. बाजारपेठेच्या आकड्यांवर गेल्या आठवड्यात जेवढा खल झाला, त्या मानाने हे पान किरकोळ वाटते. पण बोलणी फिसकटतात ती बहुधा इथेच. रक्कम खर्चाच्या हिशेबातून येते, हिस्सा घासाघिशीतून. नवखे संस्थापक आधी कंपनीची किंमत मनाशी धरतात, दहा टक्के सोडायचे ठरवतात आणि उरलेल्या गुणाकाराला रक्कम म्हणतात. तयारी उलट दिशेने व्हायला हवी.

समजा, दूध संकलन केंद्रांसाठी फॅट तपासणारे यंत्र बनवणारी एक कंपनी आहे. पुढची फेरी मागताना तिला २०० केंद्रांवर यंत्रे चालू असलेली दाखवायची आहेत. पगार, भाडे, प्रवास धरून महिन्याला ६ लाख खर्च. मुदत १८ महिन्यांची धरायची, कारण काम वर्षभरात झाले तरी पुढचा पैसा उभा करायला सहज सहा महिने जातात. हे झाले १ कोटी ८ लाख. प्रत्येक यंत्राचा खर्च २० हजार म्हणजे २०० यंत्रांचे ४० लाख. अडीअडचणीला आणखी २२ लाख. एकूण १ कोटी ७० लाख. 'एवढेच का?' या प्रश्नाला आता प्रत्येक ओळीचे उत्तर तयार असते.

हिस्सा ठरवताना पैसे येण्याआधीची किंमत, म्हणजे प्री-मनी, आणि पैसे आल्यानंतरची पोस्ट-मनी यांची गल्लत होते. वरच्या कंपनीची प्री-मनी किंमत ६.८० कोटी ठरली, तर पोस्ट-मनी ८.५० कोटी होते आणि गुंतवणूकदाराला २० टक्के मिळतात. संस्थापकाने नुसतेच 'किंमत ६.८० कोटी' म्हटले आणि समोरच्याने ती पोस्ट-मनी धरली, तर त्याच रकमेला २५ टक्के जातात.

दुसरी मेख ईसॉपची, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायच्या शेअरची. गुंतवणूकदार बहुधा सांगतात की १० टक्के आधीच बाजूला काढा. मग फेरीनंतर त्यांचे २० टक्के शाबूत राहतात, ईसॉपचे १० आणि संस्थापकांकडे ७० उरतात. तोच साठा फेरीनंतर काढला, तर दोघांचाही वाटा प्रमाणात घटतो : संस्थापक ७२, गुंतवणूकदार १८. म्हणून किंमत विचारताना ईसॉप कोणाच्या वाट्यातून, हेही विचारून घ्यावे.

'शार्क टँक इंडिया' या टीव्ही कार्यक्रमाच्या पहिल्या पर्वात मालेगावच्या 'जुगाडू कमलेश'ने फवारणीच्या सायकलीसाठी १० टक्क्यांना ३० लाख मागितले. म्हणजे पोस्ट-मनी ३ कोटी. तिथले एक गुंतवणूकदार पीयूष बन्सल यांनी १० लाख ४० टक्क्यांना दिले आणि २० लाख बिनव्याजी कर्जाऊ. मागितलेली रक्कम पूर्ण मिळाली. शेअरच्या भागावर मात्र किंमत २५ लाख ठरली. असा सौदा पत्करताना पुढची फेरीही मांडून पाहावी लागते. संस्थापकाकडे उरलेल्या ६० टक्क्यांतून पुढे २० टक्क्यांची फेरी झाली, की ४८ उरतात आणि बहुमत जाते. १० टक्क्यांवर सौदा झाला असता, तर त्याच फेरीनंतर ७२ उरले असते.

माफक मागणी केली की पैसे मिळतातच, असेही नाही. जून २००८ मध्ये एअरबीएनबीचे संस्थापक १५ लाख डॉलरच्या किमतीवर दीड लाख डॉलर मागत होते. ओळखीतून सात गुंतवणूकदारांपर्यंत निरोप गेला. पाचांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिले नाही. पुढे २०१५ मध्ये संस्थापकांपैकी ब्रायन चेस्की यांनी ती नकारपत्रे प्रसिद्ध केली. कुणाला बाजारपेठ पुरेशी मोठी वाटली नव्हती, कुणाच्या कामाच्या कक्षेत हा धंदा बसत नव्हता. अशा नकारानंतर किंमत निम्मी करून उपयोग नसतो. दुरुस्ती आधीच्या पानांवर करावी लागते.

एका वाचकाने विचारले आहे की पानावर हिस्सा लिहावाच का? टीव्हीवर तो सांगावाच लागतो. व्हेंचर फंडांकडे जाताना मात्र रक्कम, मुदत आणि तेवढ्यात गाठायचा टप्पा एवढेच लिहिण्याची रीत आहे. किंमत टर्म शीटच्या, म्हणजे सौद्याच्या अटींच्या मसुद्याच्या, वेळी ठरते, आणि दोन फंड उत्सुक असले तर ती वर सरकते. संस्थापकाने आपला आकडा तयार ठेवावा, पण कागदावर आणू नये.

मागणी कोणापुढे करायची, यालाही कायद्याची चौकट आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी वाटपाची जाहिरात करता येत नाही आणि एका आर्थिक वर्षात असा प्रस्ताव साधारणपणे २०० जणांपलीकडे नेता येत नाही. रक्कम आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटायचे, वाटपानंतर १५ दिवसांत विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल करायचे, आणि तोवर त्या पैशाला हात लावायचा नाही. म्हणून टर्म शीटवर सही झाल्यानंतरचेही दोन-तीन महिने हातच्या शिलकीवर निघतील, अशा बेताने फेरी वेळेत सुरू करावी.

या आठवड्यासाठी ठेवलेले संस्थापक-चमूचे पान पुढच्या भागात.