भाग : खोडदची दुर्बीण नेमकं काय ऐकते?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर.

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकून नारायणगावला आलात, की पूर्वेकडे खोडद. तिथे जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी तबकडीत जड पत्र्याऐवजी तारांची जाळी वापरली, म्हणून ती हलकी आणि स्वस्त झाली. ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. आणि ऐकते कोणाला? हायड्रोजनच्या अणूलाही.

हायड्रोजनमध्ये एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. दोघेही इवल्याशा चुंबकांसारखे वागतात. त्यांचे स्पिन एकाच दिशेला असतील तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते. इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की तेवढी ऊर्जा रेडिओ लहरीच्या रूपात बाहेर पडते. तरंगलांबी २१ सेंटीमीटर, वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ. व्हॅन डी हुल्स्ट यांनी हे १९४४ मध्ये सांगितलं, आणि १९५१ मध्ये ही लहर प्रत्यक्ष सापडली.

गंमत अशी की एकटा सोडलेला अणू आपणहून उलटायला सरासरी १ कोटी १० लाख वर्षं घेतो! मग सिग्नल मिळतो कसा? एक तर आकाशगंगेत अणू अफाट आहेत. दुसरं म्हणजे ते एकमेकांवर आदळतात, आदळताना स्पिनची अदलाबदल होते, आणि त्यामुळे चारातले साधारण तीन अणू कायम वरच्या ऊर्जेच्या अवस्थेत राहतात. साठा संपत नाही.

तरीही लांबच्या आकाशगंगेतून येणारा आवाज फारच क्षीण. इथे मला माझ्या कामातली युक्ती दिसली. डेटामध्ये गोंगाट जास्त असेल तर आम्ही सॉफ्टवेअरवाले पुष्कळ नमुन्यांची सरासरी काढतो. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ७,६५३ आकाशगंगांचे सिग्नल असेच एकत्र केले. गोंगाट वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ढोबळमानाने ८७ पट. त्यातून ८०० कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला गेला. कळलं असं, की त्या आकाशगंगा ज्या वेगाने तारे घडवत होत्या, त्या वेगाने त्यांच्याकडचा वायू १-२ अब्ज वर्षांतच संपला असता. पुढे विश्वात नवे तारे बनणं का मंदावलं, याचं उत्तर इथे दिसतं.

२०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी तर एकाच आकाशगंगेचा सिग्नल पकडला, ८८० कोटी वर्षं जुना. वाटेतल्या दुसऱ्या आकाशगंगेने भिंगासारखं काम करून तो सुमारे ३० पट मोठा केला होता.

आता मुद्द्याची गोष्ट. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा खगोलशास्त्रासाठी जगभर राखीव आहे. पण विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लहर वाटेत ताणली जाते. २०२३ चा तो सिग्नल आपल्यापर्यंत पोहोचला तेव्हा ४८ सेंटीमीटरचा, म्हणजे ६२० मेगाहर्ट्झचा झाला होता. तो राखीव पट्ट्याच्या बाहेर! तिथे टीव्हीचं प्रक्षेपण, त्याच्या आजूबाजूला मोबाइल. अशा वेळी कायद्यातला पट्टा नाही, परिसराची शांतताच कामी येते.

म्हणूनच पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा वाद झाला. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या वरच्या तारेशी ठिणग्या उडतात, आणि ठिणगी एका वारंवारतेवर थांबत नाही, सगळीकडे खरखर पसरवते. दुर्बिणीचं कारण देऊन आधीचा मार्ग बदलायचं ठरलं, आणि जुन्नर-आंबेगावात नाराजी पसरली. ती मला चुकीची वाटत नाही. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा, पुण्याला शिकायला जाणारी पोरं, सगळ्यांनाच रेल्वे हवी आहे. पण 'चार तबकड्यांसाठी आमचा विकास अडवला' हे वाक्यही अर्धवट आहे. ही शांतता एकदा गेली की कोड बदलून परत आणता येत नाही. तिची किंमत एकट्या दोन तालुक्यांनी का मोजायची, हा प्रश्न मात्र सरकारला विचारायलाच हवा.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. पोरांना घेऊन जरूर जा. तबकडीजवळ गेलात की मोबाइल तेवढा बंद ठेवा!

भेटूया पुढच्या भागात.