बावीस मात्रांची जोडी

विस्कॉन्सिन राज्यात वॉसॉकी नावाचं छोटं खेडं आहे. पियानोवादक लाइल मेज तिथे २७ नोव्हेंबर १९५३ रोजी जन्मला. वडील ट्रक चालवायचे आणि कानावर पडलेलं गिटारवर काढायचे. आई चर्चमध्ये वाजवायची. पियानो शिकवणाऱ्या रोझ बॅरन ठरलेला धडा झाला की त्याला मनचं वाजवू द्यायच्या. आमच्या साखरखेर्ड्यात पेटीवर बोटं फिरवणारी पोरं पाहिली की मला या बाई आठवतात. धड्यानंतरची ती मोकळीक मिळाली नसती, तर मेज गावच्या चर्चचा ऑर्गनवादक म्हणूनच राहिला असता, असं मला वाटतं. संगीताइतकाच त्याचा जीव बुद्धिबळ, गणित आणि वास्तुरचनेत रमायचा.

नॉर्थ टेक्सासच्या विद्यापीठात त्याने वाद्यवृंदासाठी रचना केल्या. त्यातून निघालेल्या ‘लॅब ७५’ या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. त्याच सुमारास विचिटाच्या जाझ महोत्सवात त्याची गाठ पॅट मेथेनीशी पडली. मेथेनी मिझुरीतल्या लीज समिट गावचा, मेजहून काही महिन्यांनी लहान, आणि गिटार हातात आल्यापासून दुसरं काही न सुचलेला. १९७७ मध्ये दोघांनी बँड उभा केला. नाव पडलं ‘पॅट मेथेनी ग्रुप’. व्हॅनमध्ये वाद्यं लादून ही पोरं अमेरिकाभर हिंडली.

फलकावर एकाचंच नाव असल्यामुळे मेजला साथीदार म्हणून मोजण्याची चूक अनेकांनी केली. प्रत्यक्षात कितीतरी रचनांखाली दोघांची नावं आहेत. १९८१ च्या ‘ॲज फॉल्स विचिटा, सो फॉल्स विचिटा फॉल्स’वर तर मुखपृष्ठावरही ती दोन्ही आहेत. त्यातली ‘सप्टेंबर फिफ्टीन्थ’ मी सर्वांत जास्त ऐकली. पियानोवादक बिल इव्हान्स १५ सप्टेंबर १९८० रोजी गेला, त्याच्या स्मरणार्थ ती बांधली. गिटार सूर मांडते, पियानो तो भरून काढत नाही, शेजारी जागा करून देतो.

‘फर्स्ट सर्कल’ (१९८४) ही रचना टाळ्यांनी उघडते. मात्रांचे गट असे: ३, २, ३, ४, मग ३, २, ३, २. एकूण बावीस. दुसऱ्या फेरीत शेवटी दोन मात्रा कमी पडतात आणि ठेका पुढे ढकलल्यासारखा होतो. प्रल्हाद महाराजांच्या साखरखेर्ड्यातले आम्ही आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर वाढलेले. इथे हात पहिल्यांदा अडतोच. पण थोड्या वेळाने मोजणं सुटतं, गायक पेद्रो अझ्नारचा शब्दांविना स्वर वर चढत जातो, आणि पुढे मेजचा पियानो एकेक पायरी रचत त्याला शिखरावर नेतो. गणिताची आवड असलेल्या माणसाने इतकं ओलं संगीत द्यावं, याचं मला आजही अप्रूप आहे.

२००५ चा ‘द वे अप’ म्हणजे अडुसष्ट मिनिटांची सलग रचना. ग्रुपचा तो शेवटचा नवा अल्बम. त्यानंतर मेज हळूहळू मंचापासून दूर झाला आणि सॉफ्टवेअरच्या कामात रमला.

१० फेब्रुवारी २०२० रोजी तो गेला. अखेरच्या महिन्यांत त्याने ‘एबरहार्ड’ ध्वनिमुद्रित केली होती. २००९ मध्ये मारिंबा महोत्सवासाठी लिहिलेली, जर्मन बासवादक एबरहार्ड वेबरला वाहिलेली ही तेरा मिनिटांची रचना. त्यात मेथेनी नाही. ग्रुपचा बासवादक स्टीव्ह रॉडबी मात्र आहे, आणि मेजची भाची ऑब्री जॉन्सन गाते. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी तिला वाद्यरचनेचं ग्रॅमी मिळालं. पुरस्कारावर या वेळी फक्त त्याचं नाव होतं.