सर्कशीतील श्रमजीवी स्त्री

हिंजवडीच्या परिसरात मोकळ्या जमिनीला आज आलेला भाव पाहिला, म्हणजे सर्कशीचा तंबू दुर्मिळ का होत चालला आहे, याचा उलगडा होतो. म्हातोबाच्या यात्रेच्या या गावी राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि भोवतीची शेते इमारतींखाली गेली. तंबूला जागा मिळेना, याची हळहळ पुष्कळांना वाटते. परंतु त्या तंबूत राबणाऱ्या स्त्रियांचे पुढे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सर्कस हा महाराष्ट्राला परका धंदा नव्हे. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभारली. त्यांच्या पत्नीही तीत काम करीत. पुढे बंगालमध्ये सुशीलासुंदरी वाघांच्या पिंजऱ्यात उतरली. ज्या काळी स्त्रीने रंगभूमीवर येणेही समाजाला रुचत नव्हते, त्या काळातील या गोष्टी आहेत. नंतर केरळातील तलश्शेरीने या धंद्याला कसबी माणसे पुरविली आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता सर्कशीचा खर्च बराचसा स्थिर असतो. जागेचे भाडे, वीज, पाणी, वाहतूक, परवाने यांना प्रेक्षक आले काय अन् न आले काय, पैसे मोजावेच लागतात. पावसाळ्यात तर उत्पन्न आटते. मग काटकसर करायची कोठे? अर्थातच वेतनात. एकच स्त्री दिवसाच्या दोन-तीन खेळांत कधी झुल्यावर, कधी तारेवर, तर कधी सायकलवर दिसते, त्याचे कारण हेच. सकाळचा सराव वेगळाच. शिवाय राहणे-जेवणे मालकाकडेच असल्याने नोकरी सुटली की डोक्यावरचे छप्परही जाते. अशा स्थितीत पगारवाढीची भाषा कोण करणार?

त्यातून हे कसब अल्पायुषी. गिरणीतील वा कचेरीतील माणूस वयाबरोबर अनुभवाचे मोल वाढवितो. झुल्यावरच्या स्त्रीचे मोल मात्र तिशी-पस्तिशीनंतर घसरू लागते. बाहेरच्या जगात या कसबाला ना प्रमाणपत्र, ना मागणी.

१८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घालण्याचे आदेश दिले. नेपाळसारख्या प्रदेशांतून आणलेल्या मुलींचे हाल पाहता हा निर्णय योग्यच होता. २०१६ च्या कायदादुरुस्तीने चित्रपटादी करमणुकीत बालकलाकारांना सशर्त सवलत दिली, पण सर्कशीला त्यातून स्पष्टपणे वगळले. त्यापूर्वीच वाघ-सिंहांचे खेळ बंद झाले होते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीवर शिक्कामोर्तब केले. या सुधारणा इष्टच होत. तथापि, जनावरे गेल्यावर प्रेक्षक खेचण्याचा भार माणसांच्या कसरतीवर अधिक पडला, आणि बालपणीच या धंद्यात आलेल्या आजच्या प्रौढ स्त्रियांसाठी मात्र या सुधारणांनी काही ठेवले नाही.

‘हा धंदा मरणारच असेल तर मरू द्या’, असे काहीजण म्हणतील. परंतु धंदा मेला तरी माणसे उरतात. केरळ सरकार वृद्ध सर्कस कलावंतांना निवृत्तिवेतन देते. महाराष्ट्रातही ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे; पण तिला राज्यातील रहिवासाची अट आहे. दर महिन्याला गाव बदलणारी, आसाम, बंगाल वा नेपाळातून आलेली स्त्री हा दाखला आणणार कोठून? २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीने असंघटित कामगाराला क्रमांक दिला. म्हातारपणीची भाकर मात्र नुसत्या क्रमांकाने मिळत नाही.

उपाय अगदीच आवाक्याबाहेरचा नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या सर्कशीच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर माफ आहे. म्हणजे सरकार सवलत देतेच. तिच्या बदल्यात काही मागत नाही, एवढेच. पिंपरी-चिंचवडसारख्या संपन्न महापालिकेने सवलतीच्या भाड्याने मैदान द्यावे आणि त्यासोबत लेखी करार, बँकेतून वेतन व अपघात विमा या तीन अटी घालाव्यात. राज्याने मानधनासाठी रहिवासाऐवजी कामाची वर्षे मोजावीत. झुल्याखाली जाळी बांधल्यावाचून खेळ होऊ द्यायचा नाही, हे आपण मान्य करतो. मग झुला सुटल्यानंतरच्या वर्षांसाठीही काही तरतूद असावी, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणता येईल?