मोसंबीला खुराक, उसाला नाही

अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरची ओळख समर्थ सहकारी साखर कारखान्याची, जालना जिल्ह्याची मोसंबीची. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की ऊस आणि मोसंबी या दोन पिकांचा हिशेब वेगळा होतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत 280 असलेला हा वायू आता 420च्या वर आहे. मोसंबी, चिंच, कडुनिंब यांचे प्रकाशसंश्लेषण त्याने वाढते. ऊस मात्र हा वायू पानातच एकवटून घेतो (हॅच आणि स्लॅक यांनी 1966 मध्ये ही वाट दाखवली, तीही उसावरच). पाणी पुरेसे असेल तर जास्तीच्या वायूचा त्याला फारसा उपयोग नाही.

झाडांच्या या फायद्यात वाटेकरी आहे तो जमिनीलगतचा ओझोन. पर्णरंध्रांतून शिरून तो हरितद्रव्य आणि कार्बन पकडणारे विकर, दोन्ही बिघडवतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये 1998 पासून दशकभर चाललेल्या प्रयोगात दोन्ही वायू एकत्र दिल्यावर अ‍ॅस्पेन झाडांची जास्तीची वाढ सुरुवातीची काही वर्षे जवळपास पुसली गेली.

ओझोन धुराड्यातून निघत नाही. धुरातल्या वायूंवर ऊन पडून तयार होतो. पेटवलेले पाचटही हे वायू सोडते. तेव्हा पाचट जाळू नका, कुट्टी करून सरीत पसरा.