घरच्या सर्व्हरची मेल पोचत का नाही?

बदलापूर पूर्वेच्या खरवईत आता कितीतरी इमारतींत आणि एमआयडीसीच्या गाळ्यांत फायबरची जोडणी आहे. कोपऱ्यात पडलेला जुना कॉम्प्युटर, स्वतःच्या नावाचं डोमेन आणि पोस्टफिक्स हे फुकट मिळणारं मेल सॉफ्टवेअर एवढ्या सामानावर घरी मेल सर्व्हर उभा राहतो. थोडी लिनक्सची सवय असेल तर एका सुट्टीच्या दिवसाचं काम. पण पहिलं कोटेशन पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवलं की ते पोचत नाही, आणि माणूस रात्रभर स्वतःच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो.

बहुतेक वेळा चूक तिथे नसतेच. पोस्टफिक्सचा लॉग उघडा. 'कनेक्शन टाइम्ड आउट' आणि पुढे 'डिफर्ड' असं दिसलं, तर तुमची मेल घराबाहेर पडलेलीच नाही. एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला मेल देतो तो पोर्ट २५ वरून, आणि घरगुती जोडण्यांवर बाहेर जाणारं हे पोर्ट अनेक इंटरनेट कंपन्या बंद ठेवतात. खात्री करायची तर जीमेलच्या मेल सर्व्हरला पोर्ट २५ वर टेलनेट करून पाहा. २२० ने सुरू होणारी ओळ आली की वाट मोकळी आहे. नुसता कर्सर लुकलुकत राहिला तर वाट अडवलेली आहे, आणि पोस्टफिक्सची फाइल कितीही बदलली तरी ती उघडणार नाही.

ही अडवणूक मोठ्या कंपन्यांनी छोट्यांना हाकलण्यासाठी केली, असं बरेच जण रागाने म्हणतात. राग समजतो, पण कारण वेगळं आहे. १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याचे नियम ठरले तेव्हा नेटवर्कवर मोजक्या संस्था होत्या आणि एकमेकांवर विश्वास होता. आपल्याकडे १९८६-८७ मध्ये जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अप फोनवरून मेल सुरू झाली, तीही आपापल्या यंत्रांवरूनच. पुढे घरोघरचे कॉम्प्युटर व्हायरसने बाधित होऊन मालकाच्या नकळत मेल ओतू लागले. २००३ चा सोबिग तर स्वतःचंच मेल पाठवणारं इंजिन घेऊन फिरत होता. त्यामुळेच घरातून थेट पोर्ट २५ वर येणारी मेल संशयित ठरली.

'माझा वेग शंभर एमबीपीएस आहे, मग काय अडचण?' वेगाचा इथे संबंध नाही. प्रश्न आयपी पत्त्याचा आहे. आयपीव्ही४ चे पत्ते कमी पडले म्हणून अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या गेटवर पाहुणा आला, पण त्याच्याकडे फ्लॅट नंबरच नाही, तसं बाहेरून आलेल्या मेलचं होतं. राउटरच्या पानावर वॅन पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग पाठवणं सोडाच, घरी थेट मेल घेणंही आयपीव्ही४ वर होणार नाही.

बरं, जादा पैसे भरून स्थिर आयपी घेतला, पोर्टही उघडं निघालं. तरी जीमेल ५५०-५.७.२५ असा नकार देतं, म्हणजे त्या पत्त्याला पीटीआर नोंद नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डोमेनच्या डीएनएसमध्ये पीटीआर टाकून काहीही होत नाही. आयपीवरून नाव सांगणारी ही नोंद पत्ता ज्याच्या मालकीचा, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या हातात असते. ते नाव पुन्हा त्याच आयपीकडे वळलंही पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल ही अट सगळ्याच पाठवणाऱ्यांना लावतं, दिवसाला पाच हजार मेल पाठवणाऱ्यांपुरती ती नाही. आयपीव्ही६ वर गेलात तरी सुटका नाही, तिथेही पीटीआर लागतेच.

मेल अडवण्यासाठी पत्त्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत आपला पत्ता दिसला की लोक हादरतात. हादरू नका. त्या यादीत येण्यासाठी कुणी स्पॅम पाठवलेला असावा लागत नाही. 'या पत्त्यांवरून थेट मेल येणं अपेक्षित नाही' एवढंच ती सांगते, आणि कित्येकदा इंटरनेट कंपनीनेच आपले घरगुती पत्ते तिथे कळवलेले असतात.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या डीएनएसमधल्या तिन्ही नोंदी तपासणीत हिरव्या दिसल्या म्हणजे इनबॉक्स पक्का, हाही भ्रमच. मेल खरोखर तुमच्या डोमेनची आहे एवढं त्यातून सिद्ध होतं. ती हवीशी आहे की नाही हे ठरतं पत्त्याच्या आणि डोमेनच्या इतिहासावरून, आणि स्पॅम पाठवणारेही या तिन्ही नोंदी व्यवस्थित करतात.

पावसाळ्यात बदलापूरकर हमखास विचारतात, लाईट गेली तर आलेल्या मेल हरवतील का? नाही. समोरचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि एसएमटीपीचे नियम सांगतात की निदान चार-पाच दिवस त्याने हार मानू नये. रात्रभराच्या अंधाराची भीती बाळगायचं कारण नाही. इन्व्हर्टर डिस्कच्या तब्येतीसाठी घ्या, मेलसाठी नको.

एवढं सगळं असूनही घरी सर्व्हर ठेवावा असंच मी सांगेन. वीस वर्षांची बिलं आणि पत्रव्यवहार आपल्या डिस्कवर, आपल्या कपाटात असणं याला मोल आहे. फक्त पाठवण्याची वाट वेगळी करावी. सोपा मार्ग म्हणजे पोस्टफिक्सच्या रिलेहोस्टमध्ये एखादी रिले सेवा द्यायची आणि पोर्ट ५८७ वरून मेल तिच्याकडे सोपवायची. हे पोर्ट सहसा उघडं असतं. मात्र बाहेर जाणारी प्रत्येक मेल ती सेवा वाचू शकते, हे मान्य करूनच. ते नको असेल तर सार्वजनिक आयपी असलेला छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन वायरगार्डचा बोगदा घरापर्यंत आणावा. भाड्याचा सर्व्हर फक्त पाकिटं पुढे ढकलतो, टीएलएसचं एन्क्रिप्शन घरच्या यंत्रावर उलगडतं, आणि सीजीनॅटही आड येत नाही. अर्थात जीमेलवाल्याला लिहिलेली मेल शेवटी गूगलकडेच जाते, ती गुप्तता कुठल्याच मार्गाने मिळत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर पोर्ट २५ उघडं असेल असंही धरून चालू नका. अ‍ॅमेझॉनच्या ईसीटूवरही ते मुळात बंद असतं, अर्ज करून उघडून घ्यावं लागतं.

स्थिर आयपी घरच्याच जोडणीवर घ्यायचा असेल, तर पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेलने विचारा: पोर्ट २५ उघडाल का, आणि पीटीआरमध्ये माझं नाव टाकाल का? केबलवाल्याचं तोंडी 'हो' धरू नका, कारण पीटीआर त्याच्या हातात नसते. ती त्याला जोडणी पुरवणाऱ्या कंपनीकडे असू शकते. दोहोंपैकी एकालाही नकार आला तर तेच पैसे भाड्याच्या सर्व्हरवर घाला.